मुलांकडे जाताना: इमिग्रेशनच्या खिडकीपाशी
(गोविंदपुरा, भोपाळ येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९५६ साली इंग्लंडच्या एईआय कंपनीच्या सहकार्याने भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्स उभी राहू लागली, तेव्हा इथले काही तरुण इंजिनिअर प्रशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. त्यांचे सगळे कागद कंपनीने केले. आज त्याच कारखान्यातून, म्हणजे भेलमधून, निवृत्त झालेली आपली मंडळी अमेरिकेला, कॅनडाला सहा-सहा महिने जातात, तेव्हा कागद मुलगा नाहीतर सून करते. म्हणजे जाणाऱ्याने आपले कागद वाचायचे नाहीत, ही रीत आपण दोन पिढ्या इमानाने पाळली आहे. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

अमेरिकेचंच उदाहरण घेऊ, कारण या सभागृहातल्या बहुतेकांचं कुणी ना कुणी तिथे आहे. पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा चिकटला की आपल्याला वाटतं, काम झालं. पण व्हिसा म्हणजे फक्त दार वाजवण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. त्याची नोंद आय-९४ नावाच्या दाखल्यात होते आणि राहायची मुदत तीच. बहुधा सहा महिने मिळतात, पण तो हक्क नव्हे. व्हिसा २०३० पर्यंत असला तरी आय-९४ वरची तारीख उलटली की मुक्काम बेकायदा ठरतो. असा मुक्काम १८० दिवसांपेक्षा जास्त लांबला, तर निघून आल्यावर तीन वर्षं आणि वर्षभर किंवा अधिक लांबला तर दहा वर्षं पुन्हा प्रवेश नाही.

तिथल्या कायद्याचं गृहीतकच असं आहे की येणारा माणूस कायमचा राहायला आला आहे. तसं नाही हे पटवायचं ओझं आपल्यावर. त्यामुळे खिडकीतले प्रश्न साधे असतात: कशासाठी आलात, कुणाकडे, किती दिवस, परत कधी. चाळीस वर्षं टर्बाइनचे नकाशे वाचलेला माणूस इथे गडबडतो. मुलगा कोणत्या गावात राहतो ते ठाऊक नसतं, परतीची तारीख ‘मुलालाच विचारा’. काकूंना प्रश्न विचारला की उत्तर काका देतात, आणि हे तर हमखास. अधिकाऱ्याने ज्याला विचारलं त्यानेच उत्तर द्यायचं असतं. इंग्रजी अडलं तर दुभाषा मागता येतो, त्यात कमीपणा काही नाही.

व्हिसाच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुमच्या नावाने कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केला आहे का? मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला की आईवडिलांसाठी तो अर्ज करू शकतो आणि कधी कधी तो केल्याचं घरी सांगायचं राहून जातं. मग आई भाबडेपणाने ‘नाही’ म्हणते आणि समोरच्या संगणकात ‘हो’ असतं. खोटं बोलल्याचा शेरा मुलाच्या नव्हे, आईच्या नावावर बसतो. अर्ज कुणीही भरो, खरेपणाची हमी ज्याच्या नावाचा अर्ज आहे त्याचीच.

बाळंतपणाला जाणाऱ्या आयांचा प्रश्न नाजूक आहे. ‘नातवंडं सांभाळायला आले’ असं म्हटलं की अधिकाऱ्याच्या मनात येतं, या बाई दाईच्या जागी कामाला तर आल्या नाहीत? म्हणून काही एजंट पढवतात, ‘फक्त फिरायला आलोय’ असं सांगा. आता बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, बाळाची टोपडी, आणि तोंडी नायगारा! तपासणी झाली की पंचाईत. जे खरं तेच पूर्ण सांगावं: मुलीचं बाळंतपण आहे, तिच्याजवळ राहणार आहे, अमुक तारखेला परतणार आहे, भोपाळला घर आहे, पेन्शन आहे. फोन तपासायचा अधिकारही त्यांना आहे. ‘आई, आता इकडेच राहा’ हा लेकाचा मायेचा निरोप त्या पडद्यावर मायेचा दिसत नाही.

लाडवांवरून आठवलं. त्यात खसखस असेल आणि विमान दुबई किंवा अबुधाबीमार्गे असेल, तर खसखस घरीच ठेवा. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदीच्या यादीत आहे. शिवाय २०१४ पासून अबुधाबीहून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांची इमिग्रेशन तपासणी तिथेच होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर मुलाला फोन लावून विचारू, असा बेत असेल तर तो अबुधाबीतच फसतो. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत.

आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा व्हिसा नावाचा प्रकार त्यांच्या वाटेत नव्हता. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या, तेवढं पुरलं. आज त्याच न्यू जर्सीत आपली मुलं आपल्याला घ्यायला उभी असतात, पण दाराच्या पलीकडे.

इतर देशांचं थोडक्यात सांगतो. ब्रिटनचा व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला सहाच महिने. युरोपच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि ऑक्टोबर २०२५ पासून ही मोजदाद शिक्क्यांऐवजी यंत्राने व्हायला लागली आहे, त्यामुळे पुसट शिक्क्याचा आधार गेला. कॅनडाचा सुपर व्हिसा मला सर्वांत शहाणा वाटतो: आईवडील आणि आजी-आजोबांसाठीच आहे, २०२२ पासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मात्र किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा लागतो.

अमेरिकेत कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड घेतलं की सुटलो, असंही नाही. पाहुण्याला विचारतात, परत कधी जाणार? ग्रीन कार्डवाल्याला विचारतात, इतके महिने भोपाळला काय करत होता? ज्यांचं मन इथल्या पिपलानीच्या भाजी बाजारातच रमतं, त्यांनी पाहुणा म्हणून जाणंच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या बाजूची तपासणी दिल्लीला किंवा मुंबईला होते, ती त्या मानाने सोपी. जुलै २०१७ पासून विमानाने जाताना भरायचं कार्डही बंद झालं. पासपोर्टची मुदत मात्र परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी शिल्लक असावी, आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळावं. आपल्याकडे मधलं नाव कधी नवऱ्याचं, कधी वडिलांचं, कधी गाळलेलं. घोटाळा तिथे होतो.

अमेरिकेत पोहोचल्यावर पहिल्या दोन दिवसांत आय-९४ संगणकावर उघडून तारीख स्वतः बघा आणि छापून ठेवा. चूक असेल तर दुरुस्त करून घेता येते, पण ती शोधायची आपण. आणि ज्यांचं जाणं यंदाच्या उन्हाळ्यात ठरलं आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर मुलाने पाठवलेला अर्ज पहिल्या पानापासून, नवरा-बायकोने वेगवेगळा, वाचावा.