मूठ कुठून भरली ते बघा



बाजारात आपली कापसाची गाडी उभी राहते. व्यापारी हात घालतो, मूठभर कापूस काढतो आणि सगळ्या गाडीचा भाव बोलतो. मूठ दहिवरानं ओल्या झालेल्या वरच्या थरातली असली की आपण भांडतो, "आतला माल बघा." म्हणजे नमुन्याचं शास्त्र आपल्याला येतं. शितावरून भाताची परीक्षा होते; पण शीत कुठून उचललं, हे बघावं लागतं.

अशीच मूठ सरकार आपल्या शिवारातून भरतं. तिचं नाव पीक कापणी प्रयोग. पंतप्रधान पीक विमा योजनेच्या २०१६ च्या नियमांत महसूल मंडळाला एका पिकाचे किमान १० प्रयोग सांगितले. खरीप २०२५ पासून महाराष्ट्रात विम्याची भरपाई याच प्रयोगांवर ठेवली आहे. मंडळाचं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं तरच पैसे. आकडा फुगला की भरपाई बुडाली.

लोक विचारतात, हजारो एकरांचा निवाडा दहा तुकड्यांवर कसा? तुकडे थोडे असले की आकडा डळमळतो, हे खरंच. पण तुकडे निवडले कसे, हा त्याहून मोठा प्रश्न. रस्त्याकडेची, विहिरीजवळची शंभर वावरं मोजली तरी माळावरच्या कोरडवाहू कपाशीचं दुःख त्यात येत नाही. म्हणून गट नंबर चिठ्ठी उचलल्यासारखे निघाले पाहिजेत. वावरातही नैऋत्य कोपऱ्यापासून किती पावलं जायचं, हे आकड्यांच्या तक्त्यावरून ठरलं पाहिजे. तिथं साहेबाची नजर नको आणि मालकाचीही नको.

तुकड्याचं मापही महत्त्वाचं. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकातच दाखवून दिलं, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन फुगतं. काठावरची झाडं आत धरली जातात. हिशेब करा. एक मीटर चौरसाची दोरी चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर बाहेर सरकली, तर क्षेत्र २१ टक्के वाढतं. दहा मीटर चौरसात तीच चूक दोन टक्क्यांची.

आम्हीही एकदा चुकलो. दुष्काळात सरकारी आकडा खोटा पाडायचा म्हणून आम्ही ज्वारीची मोजणी केली. जे शेतकरी पुढे आले त्यांचीच वावरं मोजली, आणि पुढे आले ते पीक करपलेलेच. अधिकाऱ्यानं एकच प्रश्न विचारला, "वावरं निवडली कोणी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. नुकसान खरं होतं, पण आमचा कागद पडला.

म्हणून गावोगाव एवढं करा. निवडलेल्या गट नंबरांची यादी आधी मागा. प्रयोगाच्या दिवशी चार जण हजर राहा. टेप धरा, काठावरची झाडं बघा, वजन लिहून घ्या. कपाशीच्या सगळ्या वेचण्या त्याच तुकड्यातल्या मोजल्या का, ते तपासा. तुकडा खुरट्या पिकात आला तर साहेबाला सरकवू देऊ नका. जोमदार पिकात आला तर आपणही सरकवू नका.

रीत सरळ असेल तर निघेल तो आकडा आपण मानू. रीत वाकडी असेल तर एकही आकडा मानणार नाही.