पंचवीस डॉलरचा दंड



आज मला अमेरिकेच्या राज्यघटनेवर बोलायचंय. अध्यक्ष, सिनेट, काँग्रेस हे शब्द आपण बातम्यांत रोज ऐकतो. म्हणून मी फक्त एक खटला सांगणार आहे. आपल्या मुलांच्या भाषेला राज्य सरकार कुठवर हात घालू शकतं, हा त्यातला प्रश्न. सीमाभागात तो कुणाला समजावून सांगायला नको.

नेब्रास्का हे अमेरिकेच्या मधोमध असलेलं शेतीप्रधान राज्य. तिथं पुष्कळ जर्मन कुटुंबं स्थायिक झाली होती. पहिल्या महायुद्धात जर्मनी शत्रू ठरला आणि शेजारचा जर्मन बोलणारा माणूसही डोळ्यांत खुपू लागला. 1919 मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा केला. शाळा सरकारी असो वा खासगी, इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत काही शिकवायचं नाही. आणि आठवी पास होईपर्यंत मुलाला दुसरी भाषासुद्धा शिकवायची नाही.

रॉबर्ट मेयर हे एका चर्चच्या शाळेतले मास्तर. मे 1920 मध्ये त्यांनी दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचायला शिकवलं, तेही दुपारच्या सुट्टीत. पुस्तक होतं बायबलमधल्या गोष्टींचं. त्यासाठी त्यांना 25 डॉलर दंड झाला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही तो कायम ठेवला. पैसे भरून मोकळं होणं सोपं होतं; पण प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं.

आता घटनेकडे येऊ. अमेरिकेत शाळा हा राज्यांचा विषय. 1791 ची हक्कांची सनद सुरुवातीला फक्त केंद्र सरकारला बांधून होती. 1833 मध्ये न्यायालयानेच तसं सांगितलं होतं. म्हणजे राज्याने गळा दाबला, तर ती सनद कामाची नव्हती. यादवी युद्धानंतर 1868 मध्ये चौदावी दुरुस्ती आली. तिने राज्यांना बजावलं की योग्य कायदेशीर प्रक्रियेशिवाय कुणाचंही जीवित, स्वातंत्र्य किंवा मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. आणि घटनेत न बसणारा कायदा रद्द ठरवायचा अधिकार न्यायालयाने 1803 मध्येच स्वतःकडे असल्याचं सांगितलं होतं.

4 जून 1923 रोजी सात विरुद्ध दोन असा निकाल लागला. न्यायालय म्हणालं, स्वातंत्र्य म्हणजे नुसतं तुरुंगात नसणं नव्हे. मास्तरांचा शिकवण्याचा आणि आईबापांचा मुलांना शिकवून घेण्याचा हक्कही त्यात येतो. मेयर यांची शिक्षा रद्द झाली.

पण या निकालाच्या दोन मर्यादाही बघा. शाळांत इंग्रजी सक्तीची करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने काढून घेतला नाही. राज्याची भाषा शिका म्हणणं वेगळं आणि तुमची सोडा म्हणणं वेगळं, ही रेघ त्याने ओढली. आपणही कन्नड शिकतो, शिकावीच. भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. दुसरी मर्यादा म्हणजे, जर्मन शाळा सरकारने काढून द्यावी असं न्यायालय म्हणालं नाही. आड येऊ नका, एवढंच म्हणालं.

इथं आपली घटना एक पाऊल पुढं आहे. कलम 29 भाषा जपण्याचा हक्क देतं, कलम 30 भाषिक अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था काढू देतं. आणि 1956 मध्ये, ज्या वर्षी बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं त्याच वर्षी, कलम 350 अ घटनेत आलं. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. 'प्रयत्न' हा शब्द मवाळ आहे. म्हणूनच पाठपुरावा आपल्याला करावा लागतो.

तेव्हा एक काम करूया. आपापल्या गावच्या मराठी शाळेत शिक्षकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, हे माहिती अधिकारात विचारूया. उत्तर आलं की कलम 350 ब खाली नेमलेल्या भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे लेखी तक्रार करूया. घोषणा आपण देतोच, देत राहू. सोबत अर्जाची पोचपावतीही जपून ठेवूया.

जय महाराष्ट्र!