घाट उतरताना इंजिन गप्प नको



बोलायचा आग्रह करताना मला अट घातली होती, की कॉम्प्युटरवर बोलायचं नाही. म्हणून मी गाडीवर बोलणार आहे. हसू नका. आज मैदानात लागलेल्या गाड्या मी मघाशी बघून आले. निम्म्या तरी ऑटोमॅटिक आहेत. आणि माझी खात्री आहे, की त्यातल्या बहुतेकांचा गिअरचा दांडा ‘डी’च्या पुढे कधी गेलेला नाही.

माझाही नव्हता. सात वर्षं. इंजिनिअरिंगची पदवी असून.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले निम्मे त्यांच्या गाडीला लटकून शाळेत आलेत. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात पुण्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नंतर मी त्यांना चिपळूणला सोडायला निघाले. पाटण, कोयनानगर, मग आपला कुंभार्ली घाट. बाबा शेजारच्या सीटवर, काळा चष्मा लावून. मागे आई आणि माझी मुलगी. मुलगी आजोबांना गाडीतली अक्षरं वाचून दाखवत होती : पी, आर, एन, डी, एस. “एस म्हणजे काय गं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “स्पोर्ट. पोरांच्या मस्तीसाठी असतं ते, बाबा.”

घाट उतरायला लागलो. मी आपली डीमध्ये, पाय ब्रेकवर. तीनचार वळणं झाली आणि बाबा म्हणाले, “इंजिन गप्प आहे गं. उतारावर इंजिन गप्प नसतं.” मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने करपल्यासारखा वास आला. मला वाटलं, पुढच्या ट्रकचा. पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं. पाय नुसता खाली खाली जात होता.

“गिअर खाली घे,” बाबा म्हणाले.

आणि मी, एवढी शिकलेली बाई, काय म्हणाले असेन? “बाबा, हिला गिअर नसतात, ही ऑटोमॅटिक आहे!”

“मग त्या एसमध्ये टाक. आणि ब्रेक पंप करत राहा.”

दांडा एसमध्ये ओढला. वजाची खूण दोनदा दाबली. तिसरा पडला, दुसरा गाडीने घेतला नाही, नुसती बीप वाजली. इंजिन ओरडायला लागलं, वेग उतरला, मग पुन्हा दाबल्यावर दुसराही पडला. पंचावन्नची गाडी तिशीवर आली. रुंद जागा बघून कडेला घेतली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिलो. आई रामरक्षा म्हणत होती. बाबा एक शब्द बोलले नाहीत. चाकावर पाणी ओतायला निघाले तेव्हा तेवढं ओरडले. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते.

घरी आल्यावर मी गणित मांडलं. विज्ञानाचे सर समोर बसलेत, चुकलं तर थांबवतील. माणसं धरून गाडी दीड हजार किलो, उतार साधारण पाचशे मीटरचा. वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची : सुमारे त्र्याहत्तर लाख ज्यूल, म्हणजे दोन युनिट वीज. तेवढ्या उष्णतेत तेवीस लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. याच डोंगराच्या पोटात, पोफळीला, कोयनेचं पाणी खाली सोडून वीज करतात. मी त्याच उताराची सगळी ऊर्जा चार ब्रेकमध्ये ओतत होते. बरं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट फोर जातीचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, ओल शोषल्यावर ती १५५ वर येते. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ. माझं ऑइल चार वर्षं बदललेलं नव्हतं. दर दोन वर्षांनी बदलतात.

डीमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की गाडीला वाटतं आता आराम आहे, आणि ती वरचा गिअर टाकते. इंजिन सैल पडतं, गाडी घरंगळते. एस किंवा मॅन्युअलमध्ये ती खालचा गिअर धरून ठेवते आणि चाकांनाच इंजिन फिरवावं लागतं. तोच तुमचा ब्रेक. पेट्रोल जास्त जाईल ही भीती तर सोडाच. गिअर पडलेला आणि पाय वर असला की इंजेक्टर बंद होतात. उलट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याचं पेट्रोल जळतं आणि इंजिनचा आधारही जातो.

बीप वाजली ती का, हे मला नंतर कळलं. त्या वेगाला दुसरा गिअर पडला असता तर इंजिन मर्यादेबाहेर फिरलं असतं. कुणीतरी प्रोग्रॅममध्ये ती अट लिहून ठेवली होती. आमच्या धंद्यातल्या त्या अनोळखी माणसाचे मी मनात आभार मानले. पण म्हणून एकदम दोन गिअर उतरू नका, एकेक उतरा, वळणाच्या आधी. पावसात तर अलगदच, नाहीतर चाक सटकतं. आणि नुसत्या इंजिनावर गाडी हळू केली तर मागचे लाल दिवे लागत नाहीत, म्हणून मागे कुणी असेल तर ब्रेकला जरा पाय लावा. सीव्हीटीवाल्यांनो, तुमच्याकडे गिअरच नाहीत, पण एल किंवा एस आहे, काम तेच. एएमटीलाही दांडा बाजूला सरकवला की अधिक-वजा आहे.

चढाला एसचा फायदा वेगळा. डीमध्ये गाडी तिसरा-चौथा, तिसरा-चौथा करत बसते, आणि लाल डबा ओलांडायला निघालात तर नेमकी विचार करत राहते. ओलांडायच्या आधी एक गिअर खाली घ्या, मग निघा. शक्यतो ओलांडूच नका. ड्रायव्हरच्या मुलीचं एवढं ऐका.

बाबांना मी नंतर विचारलं, तुम्हाला न बघता कसं कळलं? म्हणाले, “ज्या गिअरात चढतो त्यातच उतरायचं, एवढंच आम्हाला माहीत. तुझी गाडी वेगळी आहे की काय, मला काय ठाऊक.”

ते तिसऱ्या रांगेत बसलेत, आता चष्म्याशिवाय. जेवणानंतर ज्यांना दांडा हलवून बघायचाय त्यांनी त्यांना शेजारी बसवून शिरगावपर्यंत जाऊन यावं. त्यांनी हो म्हटलंय. पेट्रोल ज्याचं त्याचं.