एका शहरातील दोन पिढ्या

पिढी जन्मसालाने ठरत नाही. ऐन तारुण्यात वाट्याला आलेल्या अनुभवाने ठरते. मराठवाड्यातील एक पिढी निजामी राजवटीत घडली. १९३८ चा वंदे मातरम् सत्याग्रह, रझाकारांचा धाक आणि अखेर १७ सप्टेंबर १९४८. ‘मराठवाडा’ हे नाव तिच्या लेखी लढून मिळवलेले होते. १९५८ साली औरंगाबादेत विद्यापीठ झाले, त्यालाही तेच नाव लाभले.

याच शहरात १९५० साली डॉ. आंबेडकरांनी महाविद्यालय काढले. पुढचे ‘मिलिंद’ ते हेच. तेथे घरातून प्रथमच शिकायला आलेल्या दलित मुलांची मुक्ती वर्गाच्या दारात सुरू झाली. निजाम गेला तरी गावोगावचे पाणवठे त्यांना बंदच होते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलितांची घरे जळाली. गोविंदभाई श्रॉफांसारखे मुक्तिलढ्यातील नेतेही नामांतराच्या विरोधात होते. त्यांच्या त्यागाविषयी कोण शंका घेईल? परंतु आपल्या पिढीचा अनुभव हाच साऱ्या प्रदेशाचा अनुभव, हे त्यांचे गृहीत खोटे होते.

१४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दोन्ही नावे एका पाटीवर आली. आज त्या पाटीखालून जाणाऱ्या मुलांनी यांपैकी एकही लढा पाहिलेला नाही. त्यांच्यापुढे आहेत स्पर्धापरीक्षांचे वर्ग आणि रखडलेली नोकरभरती.