उलाढालीची अट आणि श्रावकाचे माप



पूर्वाचार्यांनी श्रावकाला सप्त व्यसनांचा त्याग सांगितला. त्यांत द्यूताचे नाव पहिले आहे. या व्यसनाचे उदाहरण म्हणून जैन परंपरेत कोणा दुर्जनाचे नव्हे, तर धर्मराज युधिष्ठिराचे नाव घेतले जाते. सज्जन आणि विचारी मनुष्यही या जाळ्यात सापडतो, हाच त्यातील बोध होय.

आजचे द्यूत फासे घेऊन येत नाही. ते भ्रमणध्वनीवर 'बोनस' घेऊन येते. दहा हजार रुपये भरणाऱ्यास ऑनलाइन कॅसिनो आणखी दहा हजार देऊ करतो. तरुणाला वाटते, मुद्दल दुप्पट झाले. परंतु त्या बोनसमागे बारीक अक्षरांत एक अट असते. तिला इंग्रजीत 'वेजरिंग रिक्वायरमेंट' म्हणतात. व्यापारी भाषेत तिला उलाढालीची अट म्हणता येईल. बोनसच्या अमुक पट रकमेच्या पैजा लावल्याखेरीज बोनस आणि त्यावरील जिंकलेली रक्कम काढता येत नाही, असा तिचा अर्थ.

ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खातेवही लिहिली गेली, त्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बोनस १०,००० रुपये आणि अट ३५ पट असेल, तर एकूण ३,५०,००० रुपयांच्या पैजा लावाव्या लागतात. स्लॉट यंत्राचा खेळ शंभर रुपयांमागे सरासरी ९६ परत देत असेल, तर चार रुपये कॅसिनोचे. ३,५०,००० वर ते १४,००० होतात. म्हणजे अट पुरी होईतो सरासरीने सगळा बोनस तर जातोच, शिवाय पदरचे ४,००० जातात. हीच अट ठेव आणि बोनस या दोहोंवर असेल, तर उलाढाल ७,००,००० आणि तूट २८,००० होते. खात्यात तर २०,००० च आहेत! एखादा भाग्याने जिंकतोही; परंतु असंख्य पैजांच्या बेरजेत हा दर कॅसिनोच्याच बाजूने राहतो.

याखेरीज पोटअटी असतात. मुदत ठरलेली असते. एका पैजेची कमाल रक्कम ठरलेली असते. स्लॉटवरील रुपया पूर्ण धरला जातो. रूलेवरचा पुष्कळदा दहा-वीस पैसेच धरला जातो, कधी मुळीच नाही. एखादी अट मोडली गेली, तर जिंकलेली रक्कम रद्द होऊ शकते.

ब्रिटनमध्ये ऑनलाइन जुगार परवान्याने चालतो. तेथेही या अटींवर अंकुश घालणे भाग पडले. २०१८ साली तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने काही कंपन्यांकडून हमी घेतली, की खेळाडूला स्वतःची ठेव काढण्यासाठी पुनःपुन्हा खेळावे लागणार नाही. पुढे तेथील जुगार आयोगाने ही अट बोनसच्या कमाल १० पटीपर्यंत मर्यादित केली. हा नियम जानेवारी २०२६ पासून लागू झाला. वरील उदाहरणात १० पटीने उलाढाल १,००,००० आणि सरासरी तूट ४,००० राहते. फसवणूक कमी झाली; द्यूत मात्र द्यूतच राहिले.

भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग अधिनियमाने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार हाताळणे यांवर बंदी घातली. तरीही परदेशी संकेतस्थळे आडमार्गाने येथवर पोहोचतात. तेथे पैसा अडकला, तर दाद कोणाकडे मागावी?

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे मापात खोट, हा एक. आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमांचे उल्लंघन, हा दुसरा. एका ताग्यावर दुसरा मोफत देऊन, पस्तीस तागे घेतल्याखेरीज दोन्ही दुकानाबाहेर नेता येणार नाहीत असे बजावणाऱ्या दुकानाची पायरी कोण पुन्हा चढेल? कापडाच्या पेठेत जे माप खोटे ठरते, ते पडद्यावर खरे कसे ठरावे?

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षी प्रत्येक कुटुंबाने दोन गोष्टी कराव्यात. पहिली, मुलांना सप्त व्यसनांची नावे पाठ करून देताना हा गुणाकारही करून दाखवावा. दुसरी, घरातील कोणी यात अडकला असेल, तर त्याला झिडकारू नये. लाजेने लपविलेले कर्ज दुसऱ्या कर्जास जन्म देते, आणि गेलेले परत मिळविण्याची आशा आणखी एक ठेव भरावयास लावते. त्याला जवळ बसवावे, सारा हिशेब कागदावर मांडावा, नवी भरणा थांबवावी आणि मग द्यूतत्यागाचा नियम घेण्यास त्याला बळ द्यावे.

कायदा पट कमी करू शकतो. शून्य पट करण्याचे सामर्थ्य केवळ नियमात आहे.

जय जिनेंद्र!