घोट्याचे बंध : स्क्रू की दोरा?

पाय मुरगळला की घरोघरी हळदीचा लेप लागतो, आणि चारआठ दिवसांत माणूस पुन्हा चालू लागतो. घोट्याच्या बाहेरील बाजूचे अस्थिबंध दुखावले, तरी पट्टी, विश्रांती आणि पुढे योग्य व्यायाम एवढ्यावर ते बहुधा बरे होतात. परंतु घोट्याच्या किंचित वर, नडगीचे हाड आणि त्याच्या शेजारचे बारीक हाड यांना जखडणारे बंध तुटून ही हाडे परस्परांपासून फाकली, तर लेपाने भागत नाही.

या दोन हाडांच्या खोबणीत घोट्याचे हाड बसते. ते बाहेरच्या बाजूस अवघे १ मिलिमीटर सरकले, तरी सांध्यातील स्पर्शाचे क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटते, असे १९७६ साली रॅम्से व हॅमिल्टन यांनी दाखविले. मग शरीराचा भार थोड्याच जागेवर पडतो, कूर्चा झिजते आणि ऐन उमेदीत संधिवात जडतो.

हाडे पुन्हा जवळ आणण्याचा जुना उपाय म्हणजे दोहोंतून आडवा घातलेला धातूचा स्क्रू. तो स्वस्त आहे आणि शल्यविशारदांच्या हातचा आहे. मात्र चालताना ही हाडे परस्परांशी किंचित हलतात. स्क्रू ते हलणे रोखतो, म्हणून कधी सैल होतो, कधी मोडतो. त्रास झाल्यास तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

नव्या पद्धतीत धातूच्या दोन लहान चकत्यांमधून बळकट कृत्रिम दोरा ओवतात. हाडे जवळ राहतात, तरी त्यांची नैसर्गिक हालचाल टिकते. नॉर्वेमध्ये ९७ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांनंतर दोऱ्याचे रुग्ण अधिक चांगल्या स्थितीत आढळले. पण दोरा महाग पडतो, त्याची गाठ क्वचित त्वचेला टोचते, आणि बारीक हाड मोडून आखूड झाले असेल तर पट्टी बसवून त्याची लांबी आधी पूर्ववत करावी लागते.

तथापि, हाडे मूळ जागी नेमकी बसली नाहीत, तर महागडा दोराही चूकच जखडून ठेवील. म्हणून साधनाच्या निवडीआधी निदान हवे. घोट्याच्या वर दुखत असेल, पोटरी दाबताच खाली कळ येत असेल, पाय टेकवत नसेल, तर लेप बाजूला ठेवून वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, हेच शहाणपणाचे.