गाठीला वाढायला सांगतं कोण?



उंदराच्या पिल्लाचे डोळे उघडायला साधारण दोन आठवडे लागतात. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्याच लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तर त्यांचे डोळे आठवड्याभरातच उघडले. दातही लवकर आले. त्या अर्कातून त्यांनी वेगळं काढलेलं प्रथिन म्हणजे ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’, अर्थात ईजीएफ. या शोधमालिकेसाठी कोहेन आणि रीटा लेव्ही-मोंटाल्चिनी यांना १९८६चं नोबेल मिळालं.

ईजीएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला येऊन चिकटतं. मग दोन रिसेप्टर जोडीनं एकत्र येतात, त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि विभाजनाचा निरोप थेट केंद्रकापर्यंत जातो. निरोप पोचला की पेशी असे रिसेप्टर आत ओढून मोडीत काढते. म्हणूनच जखम भरली की वाढही थांबते.

कर्करोगात हा आवर सुटतो. स्तनाच्या काही गाठींमध्ये याच कुटुंबातल्या ‘हर-टू’ या रिसेप्टरच्या जनुकाच्या दोनाऐवजी कितीतरी प्रती तयार होतात आणि एकेका पेशीवर रिसेप्टर लाखांच्या घरात जातात. एवढी दाटी झाली, की बाहेरून निरोप आला नाही तरी ते आपापसांत जोड्या जमवतात.

लॉस एंजेलिसच्या डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७मध्ये १८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ३० टक्के गाठींत हे जनुक वाढलेलं होतं आणि त्या रुग्णांचा आजार लवकर उलटत होता. याच रिसेप्टरवर नेम धरणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला १९९८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१४मध्ये बेंगळुरूच्या बायोकॉननं त्याचं जैवसमरूप औषध भारतात आणलं.

हे औषध कुणाला द्यायचं, ते सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं. मेणात बसवलेल्या गाठीचा काही मायक्रॉन जाडीचा काप रंगवतात. पुरेशा पेशींभोवती गडद तपकिरी, अखंड कडं दिसलं, तर अहवालात ‘३ प्लस’ लिहिलं जातं आणि औषधाचा मार्ग मोकळा होतो. ‘२ प्लस’ आलं तर नक्की काही सांगता येत नाही. मग जनुकाच्या प्रती मोजणारी ‘फिश’ चाचणी करतात.

हर-टू हृदयाच्या स्नायूंनाही लागतो. त्यामुळे उपचारांदरम्यान ठरावीक काळानं इको करून हृदयाची ताकद तपासतात आणि ती फार घटली, तर डोस थांबवतात.